प्लेगनंतर मुंबईला पाच उद्यानं मिळाली, कोविडनंतर काय मिळालं?

वडाळेकर

कोविडच्या दिवसांत सगळेच म्हणत होते की हे संपलं की शहरांचा नव्याने विचार करावा लागेल. मोकळी हवा, बागा, चालायला जागा. साथ ओसरली तसं ते बोलणंही ओसरलं. मला मात्र हा विषय सोडवत नाही, कारण मुंबईत एकदा असं खरंच झालेलं आहे. साथीमुळे शहराचा नकाशा बदलला आणि त्यातलं बरं-वाईट आज आपल्यासमोर उभं आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मं शहर गाठोडी बांधून गावाकडे पळालं. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती, १९०१ मध्ये ती पावणेआठ लाखांवर आली. गिरण्यांत आणि गोदीत कामाला माणूस मिळेना, तेव्हा सरकार हललं. १८९८ मध्ये कायदा झाला आणि बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. या ट्रस्टकडे पैसा होता, जमीन संपादनाचे अधिकार होते आणि करायचं काम स्पष्ट होतं. दाट वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते काढले गेले, ते समुद्राकडची हवा आतल्या वस्तीत यावी म्हणून. उत्तरेला दादर-माटुंगा-वडाळ्याची शेतजमीन घेऊन नवी वसाहत आखली. पाच उद्यानं, म्हणजे आजची फाइव्ह गार्डन्स, त्यातलीच. माटुंग्याच्या रस्त्यांवरची सावलीही तिथलीच.

या सगळ्यात मला सर्वात मोलाची वाटते ती बाग नव्हे, एक नियम. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मांडला. खोलीच्या खिडकीसमोर इतकी मोकळी जागा हवी की समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून ६३.५ अंशांच्या तिरक्या रेषेत उजेड आत येईल. सोपा हिशोब करायचा तर इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी जागा समोर मोकळी. चार मजल्यांची, चाळीस फुटी इमारत असेल तर समोर वीस फूट. शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईत बसून कुणीतरी हे गणित मांडलं आणि त्यावर घरं आखली गेली.

गंमत म्हणजे प्लेगच्या बाबतीत त्यांचं निदान चुकीचं होतं. कोंदट हवा आणि घाण यांतून रोग येतो असा तेव्हाचा समज. प्लेग पसरत होता उंदरांच्या पिसवांमधून. पण क्षयरोग हवेतून पसरतो, कोविडही हवेतून पसरतो. म्हणजे त्यांचा उपाय ज्या रोगासाठी होता त्यापेक्षा आपल्या रोगांना जास्त लागू पडतो.

आता आजचं बघा. २०१८ मध्ये गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या दोन वसाहती आणि जवळचीच जुनी पीएमजी कॉलनी यांची त्यात तुलना होती. नटवर पारेखमध्ये दोन इमारतींमध्ये साधारण तीन मीटर अंतर. तिथे पाहणी केलेल्या घरांपैकी दर दहात एका घरात क्षयाचा रुग्ण निघाला, पीएमजी कॉलनीत शंभरात एका. खालच्या मजल्यांवर सूर्यप्रकाश पोहोचतच नाही. अशाच एका पुनर्वसन इमारतीत मी ओळखीच्या एका कुटुंबाकडे जातो. दुसऱ्या मजल्यावरचं घर, भरदुपारी ट्यूबलाइट लावलेली. खिडकी कायम बंद, कारण ती उघडली की समोरच्यांचा स्वयंपाकघराचा पंखा आणि खालच्या बोळातला कचरा. त्या बाई मला म्हणाल्या, झोपडीत होतो तेव्हा दारात निदान ऊन तरी यायचं.

आणि कोविड आल्यावर बांधकामाच्या नियमांत काय बदललं? जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने विकासकांना प्रीमियममध्ये, म्हणजे बांधकामाच्या परवानग्यांसाठी भरायच्या रकमेत, ५० टक्के सूट दिली. मुंबईत या प्रीमियमांमध्ये एक असतो इमारतीभोवती नियमापेक्षा कमी मोकळी जागा सोडल्याबद्दल भरायचा. म्हणजे जिथे श्वास कोंडतो ती गोष्ट साथीच्या ऐन मध्यावर स्वस्त झाली. बांधकाम व्यवसाय मंदीत होता, कामगारांचा रोजगार अडकला होता, हे मला मान्य आहे. पण मंदीचा इलाज म्हणून दोन घरांमधली हवा विकायला काढू नये, इतकंच माझं म्हणणं आहे.

शहरी हिरवाईबद्दल बोलताना आपण नेहमी मोठ्या उद्यानांबद्दल बोलतो. माझ्या मते साथीने दाखवलेली खरी गरज दारापाशी आहे: इमारतींमधलं अंतर, कोपऱ्यावरचं मैदान, दहा मिनिटांत चालत जाता येईल अशी एखादी बाग. तुमच्या भागातले अनुभव वाचायला आवडतील.

---

चाळकरी

धागा आवडला, पण ट्रस्टचं कौतुक जरा आवरतं घ्या. पाच उद्यानं कुणाला मिळाली? पांढरपेशांना. ज्यांच्या चाळी पाडल्या ते दादर-माटुंग्याला राहायला गेले नाहीत, त्यांना ते भाडं परवडणारंच नव्हतं. ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत जितकी बिऱ्हाडं उठवली तितकी बांधली नाहीत. उठलेली माणसं शेजारच्याच चाळीत एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं करून राहिली. रस्ता रुंद झाला आणि खोली आणखी अरुंद झाली.

आमचं घर लालबागला. दहा बाय बाराची खोली, माणसं सात, मजल्यावर संडास सामायिक. एप्रिल २०२० मध्ये "घरातच राहा" ही सूचना आमच्यासाठी नव्हतीच लिहिलेली. सकाळी माणसं पाळीपाळीने गॅलरीत उभी राहायची. कठड्याला टेकून, मास्क लावून, दोन हात अंतर ठेवून. वडील दमेकरी, त्यांची पाळी आम्ही लांबवायचो. खाली पटांगण होतं, पण तिथे कुणी दिसलं की गाडीवरून हवालदार हाकलायचा. बाग जवळच होती, तिला कुलूप.

आणि या भागात जागा नव्हती असं कुणी सांगू नये. गिरण्यांच्या जवळपास ६०० एकर जमिनीचं काय झालं? १९९१ च्या नियमाप्रमाणे साधारण एक तृतीयांश जागा शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी गिरणीच्या पूर्ण जमिनीची न राहता फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्याची राहिली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयात मार्च २००६ मध्ये तो फिरला. नाहीतर आज परळ-लालबाग-वरळीत गिरणगावच्या माणसाला चालत जाता येईल अशी दोनशे एकरांच्या आसपास मोकळी जागा असती. तिथे मॉल आहेत. मॉलमध्ये वडिलांना कुठे नेऊन बसवू?

---

टेकडीवेडी

पुण्याहून लिहितेय. आमच्याकडे प्लेग म्हटलं की रँड, गणेशखिंड आणि चाफेकर बंधू आठवतात. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या, तेही. पण शहर प्लेगमुळे कसं पसरलं हे कमी बोललं जातं. माणसं पेठा सोडून माळावर झोपड्या घालून राहायची. माझ्या पणजीच्या आठवणीत "प्लेगच्या झोपडीत" जन्मलेली भावंडं होती.

कोविडमध्ये पुण्याला टेकड्यांनी सांभाळलं. बागा बंद होत्या, टेकड्यांवरही बंदी होती, पण निर्बंध सैल झाले तशी हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई इथे माणसांची रीघ लागली. आधी कधीच वर न आलेली कुटुंबं यायला लागली. यातून टेकड्यांच्या बाजूने बोलणारी माणसं वाढली, आणि हा कोविडचा खरा फायदा. टेकडीवरून आखलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी जो मोर्चा निघाला, त्यात आजोबा, नातवंडं, कॉलेजची मुलं सगळे होते. त्यांतल्या कितीतरी जणांनी टेकडी पहिल्यांदा साथीच्या काळात पाहिली होती.

पण टेकडीवरचं प्रेमही कधीकधी टेकडीला जड होतं. पायवाटेला फरशा बसवा, दिवे लावा, बाकं टाका, व्यायामाची यंत्रं आणा. मी म्हणेन, टेकडी ही बाग नाही. आमच्या टेकड्या मुळात गवताळ, मध्येमध्ये खुरटी झाडी. पूर्वी वन विभागाने गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावून त्या हिरव्या केल्या, दिसायला छान, पण त्याच्याखाली फारसं काही उगवत नाही. पावसाळ्यानंतर मोकळ्या उतारावर बसून बघा, गवतात काय काय हलतं ते. चंडोल पक्षी गवतात घरटं करतो. तिथे ओळीने खड्डे खणून रोपं लावली की वृक्षारोपणाचा फोटो निघतो, चंडोल जातो.

पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे, जवळपास हजार हेक्टर. पण २०१५ मध्ये मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) ठरला, तो मालकांना पटला नाही, आणि जमिनी ताब्यात येणं रखडलं. मधल्या काळात उतारांवर पत्र्याच्या शेड आणि गुंठ्यांचे प्लॉट. कागदावर उद्यान, जागेवर वस्ती.

---

स्पष्टवक्ता

सगळ्यांचं वाचलं. पण मला एक कळत नाही. मुंबईची निम्म्याच्या आसपास माणसं झोपडपट्टीत राहतात. त्यांना आधी पक्कं घर हवं की बाग? तुम्ही अंतर वाढवा म्हणता, म्हणजे त्याच प्लॉटवर घरं कमी. उरलेल्यांनी जायचं कुठे? धारावीत अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ-दहा लाख माणसं. तिथे ६३.५ अंश लावून दाखवा. शिवाय कोविडमध्ये धारावी सावरली ती दारोदारची तपासणी, विलगीकरण आणि स्थानिक डॉक्टरांमुळे, झाडांमुळे नाही.

---

वडाळेकर

@चाळकरी, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. ट्रस्टचा नियम मला हवा आहे, ट्रस्टची वाटणी नको. ते चांगलं काम ज्यांच्या नावाने झालं त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही.

@स्पष्टवक्ता, धारावीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्या कामाचं श्रेय त्या माणसांचंच. पण घर की हवा, हा पेचच मला मान्य नाही. ज्या घरात राहून मुलाला क्षय होतो त्या घराला पक्कं घर कसं म्हणायचं? पुनर्वसनाच्या प्लॉटवर एका बाजूला तीन मीटरच्या बोळाने विभागलेल्या इमारती असतात आणि दुसऱ्या बाजूला विकासकाने बाजारात विकायला बांधलेला टॉवर, त्याला स्वतःचं पोडियम (पार्किंगच्या छतावरची मोकळी जागा), लॉन, तरणतलाव. मोकळी जागा प्लॉटवर असते. ती कुणाच्या वाट्याला टाकायची ते आपण ठरवतो. आणि वाढीव चटईक्षेत्राचा, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीचा, सगळा हिशोब विक्रीच्या बाजूने केल्यावर उरेल ती हवा पुनर्वसनाला, ही पद्धत निसर्गाने घालून दिलेली नाही. ती नियमावलीत लिहिली आहे, म्हणजे बदलताही येते.

---

नकाशेवाला

विकास आराखड्याच्या कामात बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून थोडं आतलं सांगतो.

लोकांना वाटतं आराखड्यात हिरवा रंग दिसला की बाग झाली. हिरवा रंग म्हणजे फक्त आरक्षण. जमीन खासगी असेल तर ती ताब्यात घ्यावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये कलम १२७ आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठराविक मुदतीत, आता ती २४ महिने आहे, पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. जमीन मोकळी होते, म्हणजे मालकाला मोकळी. अनेक मैदानं अशीच गेली. कुणी पळवली नाहीत, नोटिशीची फाइल टेबलावर पडून राहिली आणि तारीख उलटली. मुंबईचा २०३४ चा आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. दहा वर्षं कधी भरतात ते मोजा.

दुसरी गोष्ट पोडियमची. प्रत्येक मोठ्या प्लॉटवर आरजी, म्हणजे मनोरंजनासाठी मोकळी जागा सोडावी लागते. ती पार्किंगच्या छतावर दाखवायची चाल पडली होती. डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान आरजी जमिनीवरच हवी. निकाल वाचण्यासारखा आहे. छतावर दीड फूट मातीत लॉन होतं, वड-पिंपळ होत नाही, पाणीही मुरत नाही.

मुंबईत माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा आहे असं सांगितलं जातं. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दहा ते बारा चौरस मीटर सुचवली आहे. पण मी सरासरीवर विश्वास ठेवायचं सोडलं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या वर आहे, ते धरलं की सरासरी फुगते आणि भेंडीबाजारातल्या पोराला खेळायला जागा तेवढीच राहते. मोजायचं तर दारापासून चालत किती मिनिटं लागतात ते मोजा.

---

पिंपळपान

वाचतेय. नागपूरकर म्हणून एवढंच, की आमच्याकडेही १९३६ पासून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आहे, त्यामुळे वरच्या इतिहासात आपली गोष्ट वाचल्यासारखं वाटलं. २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या वर्षातच, अजनीची झाडं तोडायचा घाट घातला गेला. ज्या शहरात ऑक्सिजनसाठी लोक रात्ररात्र फिरले तिथे रेल्वे वसाहतीतली हजारो झाडं रेल्वे, बस अशी वाहतूक एकत्र आणणाऱ्या आंतर-वाहतूक स्थानकासाठी जाणार होती. तरुण मुलंमुली फलक घेऊन उभी राहिली, अजनी वन हे नाव तेव्हाच घराघरात गेलं. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात ज्याने त्या रस्त्यावरून सायकल चालवली आहे त्याला झाडाचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही.

---

दुपारची_वेळ

मी चार घरी पोळ्या करणाऱ्या बायकांच्या गटासोबत काम करते. इथे कुणी बागेच्या वेळांबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते.

आमच्या भागातली बाग सकाळी उघडते, दहाच्या सुमाराला बंद होते, आणि पुन्हा चार वाजता उघडते. सकाळी फिरायला येणारे आणि संध्याकाळी मुलांना घेऊन येणारे, त्यांच्या वेळा सांभाळल्या आहेत. पण पोळ्यावाल्या बाईची सुटी कधी असते? एक ते साडेतीन. सकाळची कामं आटोपलेली, दुपारची सुरू व्हायची, घरी जाऊन येणं परवडत नाही. ती कुठे बसते? जिन्याखाली, नाहीतर बागेच्या कुंपणाला टेकून, बाहेरच्या बाजूला. आत दोन कडुलिंबांची गार सावली, बाकं रिकामी, फाटकाला साखळी. बायका कुंपणाच्या सळ्यांमधून येणाऱ्या सावलीच्या पट्ट्यात डबा उघडतात आणि ऊन सरकलं की डब्यासकट सरकतात. रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, ताई, दुपारी लोक येऊन झोपतात. झोपू देत की! दमलेल्या माणसाने झाडाखाली आडवं व्हावं, यासाठीच तर झाड.

नवी बाग बांधायला जमीन लागते, कोट्यवधी रुपये लागतात. ही साखळी काढायला फक्त एक सही लागते.

---

टेकडीवेडी

@दुपारची_वेळ, हे वाचून गलबललं. पुण्यातही हेच. आमच्या बागेच्या पाटीवर नियम वाचा: खेळू नये, झोपू नये, डबा खाऊ नये, गवतावर बसू नये. मग करायचं काय, गोल गोल चालायचं?

---

मिठीकाठ

जागा नाही म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. माहीम-धारावीच्या कडेला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ३७ एकर. ती जागा म्हणजे शहराची कचराभूमी होती. कचऱ्याच्या ढिगावर माती घालून लोकांनी झाडं लावली आणि १९९४ मध्ये ते खुलं झालं. आज आत शिरलात की सायन-वांद्रे लिंक रोडचा आवाज मागे पडतो आणि पावसाळ्यात फुलपाखरं पायात येतात. आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती तेव्हा बाईंनी सांगितलं, तुम्ही कचऱ्यावर उभे आहात. आम्ही वाकून जमीन हुंगून बघितली होती!

पण रस्त्यापलीकडच्या धारावीतली किती मुलं रोज तिथे जातात? मधला रस्ता ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ. सुरक्षित वाट आणि फाटकातून सहज प्रवेश एवढं झालं तरी लाखो माणसांना दारात जंगल मिळेल.

आणि रेसकोर्स, सागरी किनारा रस्त्यालगतची भराव जमीन मिळून होणाऱ्या मोठ्या सेंट्रल पार्कची इतकी चर्चा असते, तेव्हा मला हाच प्रश्न पडतो. व्हावं जरूर, पण गोवंडीहून तिथे पोहोचायला लोकल, मग बस, मग पायपीट. रविवारी एकदा जायची जागा आणि रोजची जागा यांत फरक आहे.

---

स्पष्टवक्ता

दुपारच्या कुलपाचा मुद्दा पटला, त्यावर वाद नाही. घरांच्या बाबतीत माझी शंका अजून आहे. अंतर वाढवायचं तर इमारत आणखी उंच करावी लागेल, आणि पुनर्वसनाच्या उंच इमारतीत लिफ्टचा देखभाल खर्च लोकांना झेपत नाही. लिफ्ट बंद पडली की चौदाव्या मजल्यावरची म्हातारी चौदाव्या मजल्यावरच. यावर कुणाकडे उत्तर आहे का?

---

नकाशेवाला

@स्पष्टवक्ता, प्रश्न रास्त आहे. ज्या प्लॉटवर आज जितकी घरं कोंबली जातात तितकी ठेवून उजेडही मिळेल, उंचीही वाढणार नाही, असं होणार नाही. काहीतरी कमी करावं लागेल, आणि माझ्या मते ते विक्रीचं क्षेत्र. ती तूट सरकारने सोसायची की विकासकाने, हा खरा भांडणाचा मुद्दा आहे आणि तो उघडपणे भांडला जात नाही. विधानसभेत प्रीमियमवर चर्चा होते, खिडकीवर होत नाही.

---

चाळकरी

आमच्या वॉर्डात कुठली मैदानं आरक्षित आहेत ते कसं बघायचं? मंडळाच्या पोरांना घेऊन एक यादी करायची म्हणतो. गणपतीच्या आधी प्रत्येक जागेवर जाऊन फोटो काढू.

---

नकाशेवाला

महापालिकेच्या संकेतस्थळावर २०३४ च्या आराखड्याची वॉर्डवार शीट्स आहेत. त्यात आरओएस १.४ लिहिलं असेल तिथे खेळाच्या मैदानाचं आरक्षण, आरओएस १.५ म्हणजे बाग किंवा उद्यान. सुरुवात ईओएस असेल तर ती अस्तित्वात असलेली मोकळी जागा. जागेचा सीटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) शोधून डीपी रिमार्क्स, म्हणजे आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय याची पालिकेची लेखी नोंद, मागवा, थोडी फी भरावी लागते. मग माहितीच्या अधिकारात विचारा की जमीन कुणाच्या ताब्यात आहे आणि कलम १२७ ची नोटीस आली आहे का. दुसरा प्रश्न विसरू नका, सगळी मेख तिथे आहे. यादी झाली की इथे टाका, शीट वाचायला मी मदत करतो.

---

दुपारची_वेळ

यादीत एक रकाना माझ्यातर्फे वाढवा: फाटक किती वाजता उघडतं आणि किती वाजता बंद होतं. आमच्या बायका त्यांच्या त्यांच्या भागातल्या बागांच्या वेळा लिहून द्यायला तयार आहेत.